आगीचा बंब कोणाचा?

‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही म्हण वेळेवर किंवा जागेवर न पोंचणाऱ्या मदतीची थट्टा करण्यासाठीं आपल्याकडे सर्रास वापरली जाते. परंतु थट्टा क्षणभर बाजूस ठेवून तिचा अक्षरशः अर्थ घेतला, तर तींत राज्यकारभाराचा एक मोठा प्रश्न दडलेला आढळेल. बंब सोमेश्वरीं कां गेला? त्यास तिकडे जाण्याचा हुकूम कोणीं दिला? रामेश्वरच्या रहिवाशांनीं बंबाची पट्टी भरली नव्हती काय? आणि आग दोन गांवांच्या शिवेवरच लागली असती, तर बंब कोणत्या गांवानें पाठवावयाचा होता?

संकटकाळीं धांवून येणाऱ्या दलांचे इतिहास बहुधा शौर्यकथांनीं भरलेले असतात. त्या कथा खऱ्या असतात आणि त्या सांगितल्याच पाहिजेत, याविषयीं दुमत नाहीं. परंतु शूराच्या हातीं पाण्याची नळी येण्यापूर्वीं कोणत्या तरी कचेरींत, कोणत्या तरी लांब टेबलाभोंवतीं, त्या नळीचा व्यास किती असावा, तिचे पैसे कोणीं द्यावेत आणि शूरानें कोणाचा हुकूम मानावा, यावर रटाळ चर्चा झालेली असते. प्रस्तुत लेखांत आम्ही त्या रटाळ चर्चेचाच इतिहास सांगणार आहों. त्यासाठीं आम्हीं लंडन शहर निवडलें आहे. कारण बंबाची मालकी व्यापाऱ्यांकडे, पॅरिशकडे, बोर्डाकडे, कौंटीकडे, मध्यवर्ती सरकारकडे आणि पुन्हां कौंटीकडे, अशी सर्व दारें या एका शहरानें क्रमाक्रमानें ठोठावून पाहिलीं आहेत.

१६६६ च्या सप्टेंबरांत लंडनमध्यें जी प्रचंड आग लागली, तींत चार दिवसांत जुनें शहर बहुतेक भस्मसात् झालें. राखेंतून नवें शहर उभें राहत असतां त्याबरोबर एक नवा व्यापारहि उभा राहिला. तो आगीच्या विम्याचा. निकोलस बार्बन नांवाच्या गृहस्थांनीं १६८० च्या सुमारास या धंद्याची कचेरी काढली व पुढें इतर कंपन्या निघाल्या. घर जळाल्यावर भरपाई देण्यापेक्षां तें जळूं न देणें स्वस्त पडतें, हा हिशेब विमावाल्यांच्या लवकरच ध्यानीं आला. त्यांनीं टेम्स नदीवरचे नावाडी हाताशीं धरून त्यांचीं पथकें केलीं, त्यांना आपापल्या कंपनीचे गणवेष दिले, आणि विमा उतरलेल्या घरांच्या दर्शनी भिंतीवर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकला. १७०७ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशवर बंब बाळगण्याची सक्ति झाली, पहिल्यानें पोंचणाऱ्या बंबास बक्षीसहि ठरलें. परंतु बंब चालविणारीं शिकविलेलीं माणसें ठेवण्याची सक्ति झाली नाहीं. त्यामुळें नियमाचें समाधान झालें आणि बंब पुष्कळ ठिकाणीं नुसता ठेवणींतच राहिला. साधन ठेवणें आणि सेवा ठेवणें यांतील हा भेद पुढील सर्व कथेंत वारंवार डोकावणार आहे.

१८३३ च्या १ जानेवारीस दहा विमा कंपन्यांनीं आपलीं पथकें एकत्र करून एकच संस्था स्थापिली. तिचीं ठाणीं १३ व माणसें ८०. प्रमुख म्हणून एडिंबरोहून जेम्स ब्रेडवुड यांना आणण्यांत आलें. त्यांनीं १८२४ पासून त्या शहराचें दल नांवारूपास आणलें होतें. आगीवर रस्त्यावरून पाणी उडवीत न बसतां इमारतींत शिरून आगीच्या मुळाशीं भिडावें, ही त्यांची शिकवण होती. पुढच्याच वर्षीं, १६ ऑक्टोबर १८३४ च्या रात्रीं, वेस्टमिन्स्टरचा पार्लमेंटचा वाडा पेटला. त्या वाड्याचा विमा उतरलेला नव्हता. म्हणजे धंद्याच्या दृष्टीनें तेथें जाण्याचें ब्रेडवुड यांना कांहींएक कारण नव्हतें. तरीहि ते गेले, आणि वेस्टमिन्स्टर हॉल वांचविण्याच्या खटपटींत त्यांच्या माणसांचा मोठा वांटा होता. ज्या पार्लमेंटनें साऱ्या राज्याचे कायदे करावयाचे, त्याच्या स्वतःच्या घरास लागलेली आग खाजगी भांडवलाच्या बंबानें विझवावी, ही गोष्ट तेव्हां कोणास फारशी चमत्कारिक वाटली नाहीं. पुढें २७ वर्षें ती व्यवस्था तशीच चालू राहिली.

तिचा शेवट २२ जून १८६१ रोजीं झाला. टूली स्ट्रीटवर टेम्सच्या कांठीं कॉटन्स वॉर्फची वखार होती. ताग, कापूस, साखर, चहा, मसाले, चरबी असा जगभरचा माल त्या भागांतील वखारींत खच्चून भरलेला होता. आग पसरूं नये म्हणून वखारींच्या मधल्या भिंतींना लोखंडी दारें बसविलेलीं होतीं. पण आग लागली त्या दिवशीं तीं उघडींच राहिलीं होतीं. थकलेल्या आपल्या माणसांस धीर देत ब्रेडवुड फिरत असतां एक भिंत कोसळली व ते तिच्याखालीं सांपडून मरण पावले. आग पुरती विझण्यास दोन आठवडे लागले. नुकसानीचा अंदाज २० लाख पौंडांच्या घरांत गेला. ब्रेडवुड यांच्या अंत्ययात्रेस सारें लंडन लोटलें. परंतु विमा कंपन्यांनीं दुःख आंवरून जमाखर्च मांडला, हप्ते वाढविले, आणि १८६२ मध्यें गृहमंत्र्यांस स्पष्ट कळविलें कीं, एवढ्या मोठ्या शहराच्या रक्षणाचा भार यापुढें आम्हांस वाहवणार नाहीं. त्यांच्यावर हृदयशून्यतेचा आरोप करणें सोपें आहे. पण आम्हांस तो न्याय्य वाटत नाहीं. जें काम शहराचें, तें शहरानेंच कधीं अंगावर घेतलें नव्हतें. दुसऱ्यानें इतकीं वर्षें केलें, हाच त्याचा अपराध!

तेव्हां पार्लमेंटची समिति बसली, साक्षी झाल्या, आणि १८६५ चा महानगर अग्निदलाचा कायदा होऊन १८६६ च्या आरंभापासून बंब ‘मेट्रोपॉलिटन बोर्ड ऑफ वर्क्स’ या मंडळाच्या ताब्यांत आला. खर्चाची वांटणी मोठी बोधप्रद आहे. करदात्यांकडून घरपट्टीच्या दर पौंडामागें अर्धा पेनी, सरकारी तिजोरींतून वर्षाला १०,००० पौंड, आणि विमा कंपन्यांकडून त्यांनीं उतरलेल्या दर १० लाख पौंडांच्या विम्यामागें ३५ पौंड. तिघांनीं मिळून बंब पोसावयाचा. पण अर्धा पेनी ही मर्यादा कायद्यांतच गोंवली असल्यामुळें, शहर कितीहि फुगलें तरी दलानें त्या अर्ध्या पेनींतच आपले हातपाय आंखडून घ्यावयाचे होते. दलाचे प्रमुख कॅप्टन आयर मॅसी शॉ यांनीं वाफेचे बंब वाढविले, ठाणीं तारायंत्रानें जोडलीं, शिडी चढण्याची व हुकूम पाळण्याची संवय असलेले खलाशी भरती केले. आणि सालोसाल ते मंडळापाशीं अधिक माणसें व अधिक पैसा मागत राहिले. मागणारा एक व देणारे तीन असले, म्हणजे प्रत्येक देणारा दुसऱ्या दोघांकडे बोट दाखवितो, हा अनुभव आपल्याकडील एकत्र कुटुंबांस नवा नाहीं.

१८८८ च्या कायद्यानें इंग्लंडांत कौंटी कौन्सिलें निर्माण झालीं. १८८९ च्या जानेवारींत लंडन कौंटी कौन्सिलची पहिली निवडणूक झाली, लॉर्ड रोझबरी अध्यक्ष झाले, आणि बदनाम झालेल्या जुन्या बोर्डाचा सारा कारभार, अर्थात् बंबासकट, तिच्याकडे आला. बोर्डाचे सभासद लोकांनीं सरळ निवडलेले नसत. कौन्सिलचे सभासद निवडून आलेले होते, आणि पै-पैचा जाब विचारणें हें आपलें कर्तव्य आहे असें ते समजत. शॉ यांनीं दल स्वतःच्या हातांनीं घडविलेलें. दलाच्या अंतर्गत व्यवस्थेंत समितीनें हात घालावा, हें त्यांना रुचलें नाहीं, आणि १८९१ मध्यें त्यांनीं निवृत्ति पत्करली. या वादांत कोणाची बाजू खरी? आम्हांस असें वाटतें कीं, धूर डोळ्यांत जात असतां हुकूम एकाचाच चालला पाहिजे, यांत शॉ यांचें म्हणणें निर्विवाद होतें; आणि धूर विरल्यावर त्या हुकुमाचा हिशेब लोकांच्या प्रतिनिधींस दिला पाहिजे, यांत कौन्सिलचें म्हणणें तितकेंच निर्विवाद होतें. बिघाड झाला तो एकानें दुसऱ्याच्या वेळेवर हक्क सांगितल्यामुळें. पुढें १९०२ मध्यें क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटवरील एका कारखान्यास आग लागली असतां वरच्या मजल्यावर अडकलेल्या तरुण मुलींपर्यंत दलाची शिडी पोंचली नाहीं, आणि कित्येकींचा अंत लोकांच्या डोळ्यांदेखत झाला. त्यानंतर उंच शिड्या आल्या. १९०४ मध्यें दलास ‘लंडन फायर ब्रिगेड’ हें नांव मिळालें.

बंबाची वाट अशी लागली. रुग्णवाहिकेची वाट त्याहून अवघड होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या वीस वर्षांत लंडनमध्यें सांथीच्या रोग्यांना नेण्यासाठीं उत्तम गाड्या होत्या. नदींतून रोगी नेणाऱ्या बोटीसुद्धां होत्या. त्या ‘मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्ड’ या निराळ्याच मंडळाच्या होत्या. देवी आलेल्यास गाडी मिळे. परंतु भर रस्त्यांत घोडागाडीखालीं सांपडलेल्या माणसास उचलून नेण्यासाठीं कौंटीचें स्वतःचें असें कांहींहि नव्हतें. पोलिसांची हातगाडी किंवा परोपकारी मंडळांची कृपा यांवरच त्याचा भरंवसा. १९०९ च्या कायद्यानें कौन्सिलला अपघाती रुग्णवाहिका चालविण्याचा अधिकार मिळाला. मिळाला, तो ‘अधिकार’, ‘कर्तव्य’ नव्हे. करावें कीं न करावें, या वादांत घोंगडें भिजत राहिलें आणि कौन्सिलची पहिली गाडी रस्त्यावर येण्यास १९१५ साल उजाडावें लागलें. युद्धामुळें पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून त्या गाड्यांवर स्त्रिया काम करूं लागल्या. पुढें १९२९ च्या कायद्यानें जुनें असायलम्स बोर्ड मोडलें व १९३० मध्यें त्याच्या गाड्या व इस्पितळें कौंटी कौन्सिलकडे आलीं. सांथीचा रोगी आणि अपघाताचा रोगी यांना नेणारा मालक तेव्हां कोठें एक झाला. खात्यांची अशी पुनर्रचना वर्तमानपत्रांत चार ओळींत आटोपते; परंतु त्या चार ओळींनीं किती जीव वांचतात, याची मोजदाद कोणीं करावी?

मदत बोलावणाराचीहि एक कथा आहे. १० नोव्हेंबर १९३५ रोजीं विंपोल स्ट्रीटवरील एका डॉक्टरांच्या घरास आग लागून पांच स्त्रिया मृत्यु पावल्या. शेजाऱ्यानें टेलिफोन उचलला होता. पण एक्स्चेंजमध्यें इतर फोनांच्या रांगेंत तोहि उभा! कोणाचा फोन जेवणाच्या आमंत्रणाचा आणि कोणाचा घर पेटल्याचा, हें ऑपरेटरला कळण्यास मार्ग नव्हता. त्या शेजाऱ्यानें वर्तमानपत्रास पत्र लिहिलें, सरकारनें समिति नेमली, आणि ३० जून १९३७ पासून लंडनमध्यें ९९९ हा आंकडा सुरू झाला. तो फिरविला कीं एक्स्चेंजमध्यें दिवा लागे व घंटा वाजे. सर्व फोनांना सारखी वागणूक देणारी रांग सामान्य दिवशीं न्यायाची असते. संकटाच्या दिवशीं तीच अन्यायाची होते. नियम करणारांनीं हा भेद ओळखला, यांत त्यांचें श्रेय आहे. तो ओळखण्यास पांच जीव जावे लागले, हें मात्र विसरून चालणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानें सर्वच व्यवस्थेची परीक्षा घेतली. ब्रिटनमध्यें तेव्हां लहानमोठीं मिळून सोळाशेंच्या आसपास अग्निदलें होतीं, आणि प्रत्येकाचा नेता, गणवेष व पगार निराळा. ७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर रात्रींमागून रात्रीं बॉम्ब पडूं लागले. शेजारच्या गांवांचे बंब मदतीस धांवून येत. पण कित्येकदां त्यांच्या नळीचें तोंड येथल्या नळास बसत नसे. आपल्या गांवापुरता विचार करून ज्यानें नळी विकत घेतली, त्याचें कांहीं चुकलें होतें काय? त्याच्या गांवांत ती बरोबर बसत होती. २९ डिसेंबरच्या रात्रीं सिटी भाग पेटला तेव्हां टेम्सला ओहोटी होती, बॉम्बनीं पाण्याचे नळ फुटलेले होते, आणि सेंट पॉलचें देऊळ धुराच्या लोटांत उभें होतें. त्या वेळचे गृहमंत्री हर्बर्ट मॉरिसन हे १९३४ पासून १९४० पर्यंत लंडन कौंटी कौन्सिलचे पुढारी होते. स्थानिक स्वराज्याचा अभिमान त्यांच्याहून अधिक असणारा मनुष्य सांपडणें कठीण. परंतु त्यांनींच १९४१ मध्यें कायदा आणून सारीं दलें एका राष्ट्रीय दलांत विलीन केलीं, आणि युद्धानंतर तीं परत करूं असें वचन दिलें.

वचन पाळलें गेलें. पण वस्तु घेतली तशी परत आली नाहीं. १९४७ च्या कायद्यान्वयें १ एप्रिल १९४८ रोजीं बंब स्थानिक संस्थांकडे आले, ते लहान गांवांकडे नव्हे, तर कौंट्या व मोठीं शहरें यांच्याकडे. सोळाशेंचीं सुमारें दीडशें दलें झालीं. त्याच वर्षीं राष्ट्रीय आरोग्य योजना सुरू होऊन रुग्णवाहिका पुरविणें हें कौंट्यांचें कर्तव्य ठरलें. १९०९ चा ‘अधिकार’ ३९ वर्षांनीं ‘कर्तव्य’ झाला! आमच्या मतें या सर्व इतिहासांतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होय. फार लहान संस्थेला शिडी परवडत नाहीं. फार मोठ्या संस्थेला गल्ली ठाऊक नसते. कौंटी ही मधली पायरी होती.

यानंतरहि पुनर्रचना थांबली नाहीं. १९६५ मध्यें लंडन कौंटी कौन्सिल गेली व ग्रेटर लंडन कौन्सिल आली. तिच्या हाताखालीं नऊ रुग्णवाहिका-सेवा एक झाल्या आणि १९७४ मध्यें त्या आरोग्य खात्याकडे गेल्या. १९८६ मध्यें तीहि कौन्सिल मोडली. बंबाचा धनी पुन्हां बदलला, २००० मध्यें आणखी एकदां बदलला, आणि २०१८ पासून तो महापौरांस जबाबदार असणाऱ्या आयुक्तांच्या हातीं आहे. मध्यंतरीं, २०१४ च्या जानेवारींत, काटकसरीसाठीं दहा ठाणीं एकाच दिवशीं बंद करण्यांत आलीं.

खाते बदलणें सोपें, नियम बदलणें कठीण, याचा दाखला १४ जून २०१७ च्या रात्रीं मिळाला. ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतींत आग लागली. अशा इमारतींविषयीं जुना नियम होता कीं, आग एकाच गाळ्यांत कोंडून राहते. म्हणून इतर रहिवाशांनीं आपापल्या घरांतच थांबावें. भिंती जशा बांधल्या होत्या तशाच राहत्या, तर नियम शहाणपणाचाच होता. परंतु या इमारतीस नंतर बाहेरून जें आच्छादन चढविलें होतें, तेंच पेटलें आणि आग भिंतींच्या बाहेरून वर चढली. पहिला फोन रात्रीं १२ वाजून ५४ मिनिटांनीं आला. घरांतच थांबण्याचा सल्ला औपचारिकपणें मागें घेतला गेला तो २ वाजून ४७ मिनिटांनीं. त्याच्या तासभर आधींच तो मागें घ्यावयास हवा होता, असा निष्कर्ष २०१९ मध्यें चौकशीच्या पहिल्या अहवालांत नोंदविला गेला. ७२ माणसें गेलीं. बंब वेळेवर आला होता, जवान जिवावर उदार होऊन जिने चढत होते. नियम मात्र एका निराळ्याच इमारतीसाठीं केलेला होता. आणि तो मोडण्याचा हुकूम कोणीं व केव्हां द्यावा, याची पुरेशी तयारी झालेली नव्हती.

आमच्या वाचकांस येथें मुंबईची आठवण होणें स्वाभाविक आहे. मुंबईचा बंब प्रथम पोलिसांच्या ताब्यांत होता आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस तो म्युनिसिपालिटीकडे आला. १४ एप्रिल १९४४ रोजीं व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर दुपारीं आग दिसली. पोटांत सुमारें १,४०० टन स्फोटकें, त्यांच्या जोडीला कापसाच्या गांठी. असलें जहाज गोदींत आणूं नये, हा शांततेच्या काळचा नियम युद्धाच्या घाईंत शिथिल झालेला. धोक्याचें तांबडें निशाणहि लावलेलें नव्हतें. बंब आले, नळ्या सुटल्या. जहाज जागच्या जागीं बुडवावें, कीं ओढून बाहेर न्यावें, कीं पाणीच मारीत राहावें? धक्क्यावर जहाजाचे कप्तान होते, गोदीचे अधिकारी होते, लष्कराचे दारूगोळा-तज्ज्ञ होते, अग्निदलाचे प्रमुख होते. आपापल्या परीनें सारे जाणते. परंतु सर्वांना बांधील असा एक हुकूम देण्याचा अधिकार त्यांपैकीं कोणापाशींच नव्हता. बारभाईंच्या त्या खलबतांत दोन तास गेले. ४ वाजून ६ मिनिटांनीं पहिला स्फोट झाला. अग्निदलाचे ६६ जण कामावर असतां मेले. आज आपल्या देशांत १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळला जातो.

१९९२ च्या घटनादुरुस्तीनें अग्निशमन हें काम नगरपालिकांच्या कामांच्या यादींत लिहिलें गेलें, आणि २००६ मध्यें महाराष्ट्रानें आग-प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला. दोन्ही गोष्टी इष्टच. परंतु १७०७ च्या पॅरिशचा बंब आम्हांस विसरवत नाहीं. यादींत काम असणें एक आणि ठाण्यांत शिकविलेलीं माणसें असणें दुसरें. एकत्र कुटुंबांत वडीलधारीं माणसें पावसाळ्यापूर्वीं कौलें तपासून घेत. छप्पर कोणाच्या वांट्याचें हा वाद त्यांनीं गळती लागेपर्यंत ठेवला नाहीं. आपल्या गांवाच्या बंबाचा खर्च कोण देतो, शिवेपलीकडची आग विझविण्यास त्यास कोण पाठवितो, आणि ऐन वेळीं धक्क्यावर अखेरचा शब्द कोणाचा, हे प्रश्न नगरपालिकेच्या सभेंत विचारण्यास सुशिक्षित नागरिकांस कोणाचीच मनाई नाहीं. ते विचारण्यास योग्य दिवस कोणता, असें कोणीं पुसल्यास आम्ही म्हणूं: ज्या दिवशीं गांवांत कोठेंहि धूर दिसत नाहीं, असा कोणताहि दिवस.